एका पानाची शीट आणि महिन्याला ४० मिनिटं : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पद्धत साधी आहे. सगळी गुंतवणूक एका पानाच्या शीटवर आणायची, दर महिन्याची रक्कम पगारानंतर आपोआप वळती होईल अशी सोय करायची आणि महिन्यातून एकदाच ४० मिनिटं त्यावर बसायचं. मधल्या दिवसांत भाव बघायचे नाहीत. नऊ महिन्यांनंतर ठामपणे सांगता येतं की पद्धत टिकते. पण मांडणीत दोन-तीन ठरावीक चुका झाल्या, तर पहिल्या तिमाहीतच ती गुंडाळावी लागेल.

आधी वेळेचा हिशेब, कारण तो सहसा कुणी मांडतच नाही. आठवड्याला ८ तास शेअर धुंडाळण्यात आणि तज्ज्ञांचे व्हिडिओ बघण्यात गेले, तर वर्षाचे ४१६ तास होतात. ८ तासांचा दिवस धरला तर ५२ दिवसांचं काम. आता साठलेली रक्कम १२ पगारांएवढी आहे आणि या खटपटीतून बाजारापेक्षा २ टक्के जास्त मिळाले असं समजू. (दरवर्षी हे साधणं व्यावसायिक फंड मॅनेजरनाही जड जातं, तरी धरू.) १२ पगारांचे २ टक्के म्हणजे पाव पगारही नाही. महिन्याला २२ कामाचे दिवस धरले तर जेमतेम सव्वापाच दिवसांची कमाई. ५२ दिवस राबून ५ दिवसांचा मोबदला, तोही बेभरवशाचा! त्याऐवजी बचत पगाराच्या २० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर नेली, तर वर्षाला १३ दिवसांच्या पगाराची भर नक्की पडते. म्हणून शीटच्या पहिल्या ओळीत एकच आकडा ठेवावा : एकूण रक्कम भागिले मासिक पगार. तो ३० होईपर्यंत बचतीतली ही ५ टक्क्यांची वाढ २ टक्के जादा परताव्यापेक्षा भारी पडते.

शीटमध्ये सहा रकाने पुरतात : नाव, प्रकार, आजचं मूल्य, ठरवलेला हिस्सा, आजचा हिस्सा आणि फंडाचा वार्षिक खर्च. शेवटचा रकाना अनेक जण गाळतात, आणि नेमका तोच सर्वांत मोलाचा. वर्षाला ८ टक्क्यांनी १०० चे २५ वर्षांत सुमारे ६८५ होतात. त्यातला १ टक्का खर्चात गेला, तर ७ टक्क्यांनी ५४३च. हातात येणाऱ्या रकमेचा पाचवा हिस्सा गेला, आणि कुठल्याही एका वर्षी ते जाणवतही नाही. व्हॅनगार्ड या फंड कंपनीचे संस्थापक जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत सामान्य गुंतवणूकदारांसाठी इंडेक्स फंड (शेअर न निवडता बाजाराच्या निर्देशांकाचीच नक्कल करणारा, म्हणून कमी खर्चाचा फंड) आणला, त्यामागे हीच वजाबाकी होती.

सहा महिन्यांच्या खर्चाची अडीनडीची रक्कम या शीटमध्ये मिसळू नये. मिसळली की शेअरचा हिस्सा आहे त्यापेक्षा कमी दिसतो आणि जोखीम नकळत वाढवली जाते.

परतावा मोजताना सर्वाधिक घोळ होतो तो एक्सआयआरआर (XIRR) सूत्रात, म्हणजे वेगवेगळ्या तारखांना घातलेल्या रकमांवरचा वार्षिक परतावा काढणाऱ्या स्प्रेडशीटमधल्या सूत्रात. घातलेली रक्कम उणे चिन्हाने, परत आलेली अधिक चिन्हाने आणि शेवटच्या ओळीत आजचं मूल्य आजच्या तारखेसह, असा क्रम हवा. तारीख मजकूर म्हणून साठली असेल तर सूत्र चूक दाखवतं. तो रकाना निवडून त्याचा प्रकार तारीख करावा आणि तरीही अडलं तर तारखा नव्याने टंकाव्यात. याहून फसवी गोष्ट वेगळीच. पहिल्या वर्षात हा आकडा वाचूच नये. दोन महिन्यांत ३ टक्के वाढ झाली की सूत्र ती वार्षिक करून १९ टक्क्यांवर नेतं. त्या आकड्यावर विसंबून हप्ता वाढवला, तर पुढच्या घसरणीत तोच हप्ता बंद करायची पाळी येते.

हप्त्याची तारीख पगाराच्या दिवशीची ठेवू नये. मध्ये सुट्टी आली की खात्यात पैसे नसतात, हप्ता परत जातो आणि वर दंड लागतो. चार-पाच दिवसांचं अंतर सोडावं.

शेअर ६० टक्के आणि रोखे (बाँड) ४० टक्के असं ठरवलं असेल, तर शेअरचं प्रमाण ५५ ते ६५ च्या आत असेपर्यंत हात लावू नये. १०० पैकी ६६ शेअर झाले तर आधी नवे हप्ते फक्त रोख्यांकडे वळवावेत. विक्री टळते, कर आणि शुल्क वाचतं. मात्र हप्ता एकूण रकमेच्या १ टक्का असेल, तर भाव स्थिर धरूनही ६० वर यायला १० महिने लागतील. इतकं थांबायचं नसेल तर ६ विकून रोख्यांत घालावेत. रक्कम जितकी मोठी होत जाते, तितका हप्त्याचा हा उपाय लंगडा पडतो. या पद्धतीची खरी मर्यादा हीच.

४० मिनिटांपैकी १५ मूल्यं भरायला, १० हिस्से तपासायला आणि उरलेली मागच्या महिन्याच्या खर्चावर नजर टाकायला. मोबाइलवरच्या भावाच्या सूचना पहिल्याच दिवशी बंद कराव्यात. बाजार जवळपास निम्मे दिवस खाली बंद होतो. रोज बघणाऱ्याला निम्म्या वेळा तोटाच दिसणार, आणि ५० टक्के घसरणीनंतर मूळ जागी यायला १०० टक्के वाढ लागते हे माहीत असूनही माणूस नेमका तळाशी विकून बसतो.

उत्पन्न अनियमित असेल तर ठरावीक हप्ता चालत नाही. पैसे ज्या दिवशी येतील त्याच दिवशी त्यातले ठरवलेले टक्के बाजूला काढावेत आणि शीटमध्ये पगाराच्या जागी मागच्या १२ महिन्यांची सरासरी घ्यावी.