हूफ टेस्टर: पुढच्या पायानं वारंवार लंगडणाऱ्या घोड्यासाठी कितपत कामाचा?

घोडा पुढच्या पायानं लंगडायला लागला की आपल्याकडे पहिला संशय खांद्यावर जातो. मोतद्दार खांद्याला तेल चोळतो, चार दिवस आराम मिळाल्यानं घोडा सुधारतो, आणि कामाला लागला की पुन्हा तेच. खरं तर पुढच्या पायाच्या लंगडण्याचं मूळ बहुतेक वेळा खुरात असतं. उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं आणि ते सगळं शेवटी खुरावर येतं. हूफ टेस्टर म्हणजे खूर दाबून बघायचा लांब दांड्यांचा चिमटा. खुरातली दुखरी जागा शोधायला याहून साधं अवजार नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे दोन-चार घोडी आहेत त्यांनी तो जरूर घ्यावा. मात्र त्यानं ‘काही सापडलं नाही’ म्हटलं की खूर निर्दोष, असं समजणाऱ्यांची फसगत होते.

बाजारात दोन तऱ्हा मिळतात. एकात जबड्यांची रुंदी ठरलेली असते, दुसऱ्यात खिळ बदलून ती कमी-जास्त करता येते. मारवाडी, काठियावाडी, भीमथडी अशा घोड्यांचे खूर शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांपेक्षा लहान आणि अरुंद असतात. मोठ्या घोड्यांसाठी केलेला टेस्टर त्यांच्या खुराला लावला तर दांडे इतके फाकतात की एका हातात मावत नाहीत आणि दाब किती पडतोय याचा अंदाजच येत नाही. म्हणून बदलत्या रुंदीचा टेस्टर आकर्षक वाटतो. त्याची खोड अशी की थोडा वापर झाला की खिळ सैल पडते, जबडा बाजूला वळतो आणि खुराच्या भिंतीवरून सटकतो. सटकताना बसलेल्या झटक्यानं घोडा पाय ओढतो आणि बघणाऱ्याला वाटतं, सापडली जागा! लहान घोड्यांसाठी ठरावीक रुंदीचा छोटा टेस्टर घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. दांडे आखूड असल्यानं थोडा जोर जास्त लावावा लागतो, तेवढंच.

जबड्याची टोकं गोल, गुळगुळीत हवीत. स्वस्त मालात ओतकामाची धार तशीच राहिलेली असते आणि ती निरोगी तळव्यालाही टोचते. बारीक कानशीनं ती घासून काढावी. विकत घेताना सांध्याला हलवून बघा. तो नट-बोल्टचा असेल तर पुढे आवळता येतो, रिव्हेट मारलेला असेल तर सैल झाल्यावर अवजार बाद.

टेस्टर हातात घेण्याआधी घोडा चालताना बघायला हवा. सपाट, टणक जमिनीवर दोरी सैल सोडून आधी साधी चाल आणि मग दुडकी. दुखरा पाय जमिनीवर टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली आणतो. दोरी आखडून धरली की ही मान हलणं दबतं. मेळ्यात घोडा दाखवणारे दोरी तोंडाजवळ घट्ट का धरतात, ते यावरून समजून घ्या. मग लहान वर्तुळात दोन्ही बाजूंनी दुडकी. खुराचं दुखणं असेल तर दुखरा पाय वर्तुळाच्या आतल्या बाजूला असताना लंगडणं सहसा वाढतं. डावीकडे वळताना डावा आणि उजवीकडे वळताना उजवा पाय लंगडत असेल तर दुखणं दोन्ही खुरांत आहे. अशा घोड्याची मान सरळ रेषेत फारशी हलत नाही, नुसती पावलं आखूड पडतात, आणि मालक सांगतो की घोडा आळशी झालाय.

त्यानंतर खुरावरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून नाडी बघायची. निरोगी पायात ती जेमतेम लागते. जोरात ठोके लागत असतील आणि खूर दुसऱ्या पायापेक्षा गरम असेल तर आत सूज किंवा पू असण्याची शक्यता मोठी. चारही पायांची नाडी बघावी. पुढच्या दोन्ही पायांत ठोके जोरात असतील आणि घोडा वजन मागे टाकून उभा असेल तर लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या भिंतीला आतल्या हाडाशी धरून ठेवणाऱ्या थराची सूज, समजून लगेच डॉक्टरांना बोलवा. अशा घोड्याला दुडकी चालवत बसू नये.

आता टेस्टर. सुरुवात नेहमी चांगल्या पायापासून, म्हणजे त्या घोड्याची सहनशक्ती कळते. नालबंदासारखा पाय गुडघ्यांत धरायचा. एक टोक तळव्यावर, दुसरं बाहेरच्या भिंतीवर. एका टाचेच्या कोपऱ्यापासून निघून खुराच्या टोकाला वळसा घालत दुसऱ्या टाचेपर्यंत दर २-३ सेंटीमीटरवर दाबत जायचं. दाब हळूहळू वाढवायचा, २-३ सेकंद धरायचा आणि सोडायचा. मग पुतळीवर, म्हणजे तळव्यामधल्या त्रिकोणी रबरी भागावर, मागे, मध्ये आणि पुढे अशा तीन ठिकाणी. शेवटी दोन्ही टोकं बाहेरून दोन टाचांवर ठेवून आडवा दाब. नजर खुरावर न ठेवता खांद्याच्या स्नायूंवर ठेवा. पाय ओढण्याआधी तिथे बारीक थरथर दिसते. एकदा पाय ओढला म्हणजे काही ठरत नाही. त्याच जागी तीनदा दाबल्यावर तीनदा ओढला आणि शेजारच्या जागी ओढला नाही, तर ती जागा खरी. खडूनं खूण करून ठेवावी.

नाल ठोकलेली असेल तर प्रत्येक खिळ्यावर वेगळं दाबायचं, आणि टेस्टर इथेच पैसे वसूल करतो. खिळा थेट जिवंत भागात गेला तर घोडा तिथल्या तिथे पाय ओढतो, हे सगळ्यांना कळतं. पण खिळा आत न शिरता नुसता जवळून गेला तर दोन-चार दिवस काही दिसत नाही आणि मग घोडा लंगडतो. तोवर नालबंद गेलेला असतो आणि दोष खड्ड्यावर जातो. टेस्टरनं नेमका तो खिळा दाखवल्यावर सगळी नाल उचकटण्याआधी तो एकटा काढा आणि निरखून बघा. ओला, काळपट किंवा घाण वासाचा निघाला तर भोकात संसर्ग आहे. कोरडा निघाला आणि घोडा दोन दिवसांत सुधारला तर प्रश्न मिटला.

पू झालेला खूर टेस्टर बहुधा पकडतोच. एका रात्रीत घोडा पाय टेकेनासा होतो, नाडी जोरात लागते आणि दाबल्यावर एकच जागा किंचाळते म्हणावं इतकी दुखते. तिथे पांढऱ्या रेघेत, म्हणजे तळवा आणि भिंत जुळतात त्या रेषेत, काळा माग दिसला तर अनुभवी नालबंद किंवा डॉक्टर तो सुरीनं मोकळा करतात. पू वाहून जाईल एवढं छोटं भोक पुरतं. सगळा तळवा खरवडला तर पू बरा होतो, पण पातळ तळव्यामुळे घोडा पुढचे कित्येक आठवडे लंगडतो. त्यानंतर कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून १०-१५ मिनिटं शेक, पोटीस, वरून लहान मुलाचा डायपर आणि डक्ट टेप. पट्टी रोज बदलायची. धनुर्वाताची लस झालेली नसेल तर हे सगळं करताना तीच आधी विचारा, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. त्याच खुराच्या त्याच जागी पुन्हा पू झाला तर एक्स-रेशिवाय पुढे जाऊ नये. आत हाडाचा संसर्ग, भिंतीतली गाठ किंवा लॅमिनायटिसनं सुटलेली पांढरी रेघ असू शकते.

एक सावधगिरी. पुतळीत खिळा किंवा तार रुतलेली दिसली तर टेस्टर लावू नका, आणि डॉक्टर लवकर पोचणार असतील तर ती ओढूही नका. घोडा जागचा हलू न देता ती तशीच ठेवून एक्स-रे काढला तर किती खोल आणि कुठल्या दिशेनं गेली ते कळतं. काढल्यावर भोक मिटतं आणि मग अंदाजच करावा लागतो.

टाचेच्या कोपऱ्यात दाबल्यावर दुखत असेल तर नालेचं टाचेकडचं टोक बघा. खूर महिन्याला साधारण ८-१० मिलिमीटर वाढतो आणि वाढताना नालेला पुढे ओढून नेतो. आठ-दहा आठवडे नाल बदलली नाही की तिची टोकं भिंतीवरून सरकून तळव्याच्या कोपऱ्यावर बसतात आणि तिथे रक्त साकळतं. तासल्यावर लाल डाग दिसतो. डाग कापून काढल्यानं काही होत नाही, कारण दाबणारी नाल तिथेच असते. नाल ५-६ आठवड्यांनी बदलणं आणि टाच पूर्ण झाकेल एवढ्या लांबीची नाल घेणं हाच उपाय. तयार आखूड नाल ठोकून पुढून खूर कानशीनं घासून बसवणाऱ्या नालबंदाला नम्रपणे निरोप द्यावा.

आता टेस्टर कुठे खोटं बोलतो ते. उन्हाळ्यात कोरडा, जाड तळवा दाब आत पोचूच देत नाही. रात्रभर ओली पोटीस बांधून सकाळी पुन्हा बघावं. पावसाळ्यात चिखलात उभ्या राहिलेल्या घोड्याचा तळवा इतका मऊ पडतो की सगळीकडेच दुखतं. आणि नॅव्हिक्युलर, म्हणजे टाचेच्या आतल्या छोट्या हाडाचं आणि त्याभोवतीच्या स्नायुबंधांचं दुखणं, यात टेस्टरवर भिस्त ठेवता येत नाही. वारंवार लंगडणाऱ्या, ठेचकाळणाऱ्या, उभं असताना एक पाय पुढे टाकणाऱ्या घोड्याचा टेस्टर साफ निघाला तरी टाच संशयातून सुटत नाही.

तिथून पुढचं काम डॉक्टरांचं. टाचेकडे जाणाऱ्या दोन नसांजवळ दोन्ही बाजूंना सुमारे १.५ मिलिलिटर भुलीचं औषध देऊन ५-१० मिनिटांनी घोडा पुन्हा दुडकी चालवतात. लंगडणं थांबलं तर दुखणं खुरात आहे. त्याऐवजी दुसरा पाय लंगडायला लागला तर दोन्हीकडे आहे. या भुलीनं तळव्याचा बराच भागही बधिर होतो, म्हणून एवढ्यावरून नॅव्हिक्युलरचा शिक्का मारू नये. एक्स-रेसाठी दोन्ही नाला काढून, पुतळीच्या खाचा धुऊन त्यात मऊ माती किंवा खेळण्यातला प्ले-डो भरावा. नाहीतर खाचेतली हवा हाडातल्या भेगेसारखी दिसते.

दुखणं टाचेचंच निघालं तर पहिला खर्च नालेवर करावा. खुराचं टोक लांब आणि टाच बसकी असेल तर टोक मागे घेऊन पाऊल लवकर उचलता येईल असं करायचं, गरज असेल तिथे २-३ अंशांचं पाचर-पॅड आणि टाचेला मागून आधार. परिणाम एका नालेत दिसेलच असं नाही. टोकाकडची भिंत वरून खाली पूर्ण नवी यायला ९-१२ महिने लागतात.

तपासणीच्या आधी दुखणं दाबायचं औषध दिलं की टेस्टर, दुडकी आणि भूल, सगळ्यांचेच निकाल बिघडतात. आणि मेडिकलमधून माणसांचं डायक्लोफिनॅक आणून घोड्याला टोचणं तर बंदच करा. जनावरांसाठी ते २००६ पासून आणि केटोप्रोफेन, असिक्लोफिनॅक २०२३ पासून बंद आहेत, कारण औषध दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात. मेलॉक्सिकॅम चालतं, मात्र मात्रा डॉक्टरांनी ठरवलेली.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडा घ्यायला जाणाऱ्यांनी टेस्टर सोबत न्यावा. विकणारा तो लावू देत नसेल तर तेही एक उत्तर आहे. लावू दिला आणि काही सापडलं नाही तरी औषधाचा अंमल असू शकतो, तेव्हा पैसे देण्याआधी दुसऱ्या दिवशी पुन्हा बघण्याची अट घालावी. एका घोड्याचा पुवाळलेला खूर तपासल्यावर टोकं जंतुनाशकानं पुसूनच पुढच्या घोड्याला लावा, आणि सांध्यात महिन्यातून एकदा तेलाचा थेंब सोडा.