आठ महिने वापरल्यानंतर: विमान-अंतराचं ॲप किलोमीटर बरोबर सांगतं, तास नाही

मुंबई–लंडन टाका: ७,२०० किलोमीटर, साडेआठ तास. लंडन–मुंबई टाका: तेच, साडेआठ. आठ महिन्यांनंतरही माझी मुख्य तक्रार या साडेआठवरच अडकली आहे. या आकड्यावर भरवसा ठेवून कोणी लंडनहून पुढच्या बसचं किंवा रेल्वेचं न बदलता येणारं तिकीट काढलं, तर ते पैसे गेलेच समजा.

ॲप ताशी ९०० किलोमीटर वेग धरून अंतराला ९०० ने भागतं आणि वर अर्धा तास घालतं, बस्स. वारा धरतच नाही. जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून लंडनला जाताना तो समोरून येतो आणि येताना पाठीशी असतो. हिवाळ्यात जाण्यायेण्यात तासाभराचा फरक सहज पडतो.

दुसरी चूक नकाशावरची. ॲपची रेघ कराची, इराण, कॉकेशस, युक्रेन अशी जाते. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना मनाई केली. त्या रेघेवरून आपलं विमान जाणार कसं? शिवाय लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ पोचल्यावर उतरायचा नंबर लागेपर्यंत आकाशात घिरट्या असतात, पूर्वेकडून येणाऱ्यांना बहुधा लंडनच्या ईशान्येला लॅम्बोर्नवर. धावपट्टीपर्यंत सरकण्यात जाणारा वेळ वेगळाच.

मुळात कमी किलोमीटर म्हणजे कमी वेळ, हेही खरं नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट हजारभर किलोमीटरने वाढली, तरी पाठीमागच्या वाऱ्यामुळे वेळ वाचला.

खरा वेळ हाताने काढा. तिकिटावर मुंबई १४:००, लंडन १८:३० असेल, तर मधल्या साडेचार तासांत दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक, हिवाळ्यात साडेपाच तास, मिळवा: दहा तास. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचारच मिळवायचे. हा गेटपासून गेटपर्यंतचा वेळ. मग फ्लाइट ट्रॅकरवर (विमानं प्रत्यक्षात कधी निघाली-पोचली ते दाखवणाऱ्या साइटवर) त्याच विमानाचे मागचे दहा-बारा दिवस बघा आणि सर्वांत उशिराचा दिवस धरून पुढचं तिकीट काढा.

जाहिराती घालवायला ॲप पैसे मागतं. देऊ नका, त्याने तास सुधारत नाहीत.

मात्र किलोमीटरबद्दल माझं मत बदललं. आधी तो आकडा निरुपयोगी वाटायचा, पण उशिराची भरपाई मागताना नेमका तोच लागतो. ब्रिटनच्या नियमात अंतर असंच, पृथ्वीच्या गोलाईवरचं सर्वांत जवळचं धरतात, विमान कितीही वळसा घालो. लंडनहून सुटणारं विमान कोणत्याही कंपनीचं असो, ३,५०० किलोमीटरच्या वरच्या प्रवासात चार तास किंवा जास्त उशिरा पोचलं तर ५२० पाउंड, तीन ते चार तासांच्या उशिराला २६०. हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण मात्र नसावं. मुंबईहून निघताना हा हक्क ब्रिटिश किंवा युरोपीय कंपनीच्या विमानालाच मिळतो, भारतीय कंपनीच्या नाही.