क्रीम चीज: गरम टोस्टवर पातळ, की निवलेल्यावर जाड?

क्रीम चीज खाणाऱ्यांत सरळ दोन पंथ आहेत. एकाचं म्हणणं, ब्रेड तव्यावरून उतरला की लगेच फासा, लोण्यासारखं पातळ. दुसऱ्याचं म्हणणं, ब्रेड निवू द्या आणि थर असा द्या की घास घेतल्यावर त्यात दातांची खूण दिसली पाहिजे. क्रीम चीजचा नेहमीचा जोडीदार बेगल, म्हणजे मधे भोक असलेला गोल, चिवट ब्रेड, नागपुरात सहज हाताशी नसतो, म्हणून इथे साधा सँडविच ब्रेडच धरला आहे. ‘घरी चक्का टांगता येतो, मग हे काहून?’ असं विचारणाऱ्यांना एवढंच, की चक्क्यात स्निग्धपणा कमी आणि आंबटपणा जास्त. भाकरीवर तो झकास लागतो, पण जाड थर त्याच्या आवाक्यातला नाही.

गरम पंथाची बाजू आधी. एका स्लाइसला दोन सपाट छोटे चमचे, म्हणजे दहा-बारा ग्रॅम पुरतात. फ्रिजमधलं कडक चीजसुद्धा गरम ब्रेडवर आपोआप पसरतं, ब्रेड फाटत नाही. वास खुलतो, आंबटपणा मवाळ होतो, लहान मुलं कुरकुर न करता खातात. दोनशे ग्रॅमचा डबा सोळा ते वीस स्लाइसना जातो. जाड थराला तीस ग्रॅम लागतात (साधारण तीन मिलिमीटर), तेव्हा तोच डबा सहा-सात स्लाइसमध्ये आटोपतो. डब्याची किंमत बघता हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

तरीही माझा कौल दुसरीकडे झुकतो, आणि त्याचं कारण पाणी. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे क्रीम चीजमध्ये दुधाची स्निग्धता किमान ३३ टक्के लागते आणि पाणी ५५ टक्क्यांपर्यंत चालतं. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच असू शकतं. ते दुधाच्या प्रथिनांच्या जाळीत अडकून बसलेलं असतं, शिवाय बहुतेक उत्पादक ते धरून ठेवायला थोडा डिंक घालतात. तव्यावरच्या ब्रेडवर ते टेकलं की खालच्या बाजूने स्निग्धांश वितळतो, जाळी ढिली पडते आणि ओल ब्रेडच्या भोकांत उतरते. खालून ब्रेडची स्वतःची वाफ येत असते, तिला थराने झाकण लागतं. दोन-तीन मिनिटांत स्लाइसच्या कडा कुरकुरीत आणि मधला भाग लिबलिबीत. उचलला की टोक खाली मान टाकतं. पहिला घास उत्तम आणि चौथा ओल्या कापसासारखा, हे मला पटत नाही. शेगडीशी उभ्याउभ्या खाणाऱ्याला कदाचित हे जाणवणारही नाही.

जाड थराला मात्र शिस्त लागते. ब्रेड मंद आचेवर दोन्ही बाजूंनी चांगला खरपूस करा आणि दीड-दोन मिनिटं उभा टेकवून ठेवा. ताटलीत आडवा ठेवला तर खालची बाजू घामाने भिजते. नागपूरकरांसाठी खास सूचना: कूलरसमोर ठेवू नका. ती हवा दमट असते, टोस्ट निवता निवता मऊ पडतो.

चीज किती आधी काढायचं, हे ऋतूवर ठरतं. डिसेंबरात अर्धा तास, मे महिन्यात दहा मिनिटं बस झाली. अख्खा डबा बाहेर न काढता लागेल तेवढंच वाटीत घ्या आणि काट्याने दाबून मऊ करा. मायक्रोवेव्हमध्ये कडा फुटून रवाळ होतात. फ्रीझरमध्ये तर टाकूच नका, बर्फाचे कण जाळी फाडतात आणि सुटल्यावर पाणी वेगळं, चोथा वेगळा.

वर काय घालायचं, यावर आणखी वाद. ठेचा हवाच, पण चीजमध्ये कालवून नाही. मीठ पाणी ओढतं आणि थर पाझरायला लागतो. पाण्याचा थेंब न घालता कुटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा, अर्धा छोटा चमचा, खायच्या क्षणी वरून. गोड हवं असेल तर संत्र्याच्या फोडी मोहात पाडतात, पण रसाने सगळं पातळ होतं. त्यापेक्षा धुतलेल्या संत्र्याच्या सालीचा फक्त केशरी भाग बारीक किसणीवर किसा. पांढरा भाग आला की कडवट झालंच. आपल्या संत्र्याची साल सैल असते, किसताना दबते, म्हणून फळ सोलण्याआधीच किसायचं. संत्र्याचा मार्मालेडही (सालीसकट केलेला जॅम) चालतो, मात्र तो घट्ट हवा.

डब्याला न्यायचं असेल तर दोन्ही पंथ हरतात. टोस्ट आणि चीज वेगवेगळं न्या. पारा बत्तिसाच्या वर असला की फ्रिजबाहेर तासाभराच्या वर ठेवू नये असं सांगतात, म्हणजे इथल्या मे महिन्यात चीज घरीच राहिलेलं बरं.

गरमच खायचा हट्ट असेल तर निदान अर्धा मिनिट थांबा, थर दहा ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका, आणि दुसरा स्लाइस पहिला संपल्यावरच भाजा.