दीड किलोची गोल्फ बॅग : नाशिकचा चिखल, स्कॉटलंडचा वारा आणि काही महिन्यांचा वापर

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगते. बॅग खांद्यावर टाकून चालणार असाल तर ही घ्या. कार्टमध्ये (मैदानावर फिरायच्या छोट्या गाडीत) किंवा ट्रॉलीवर ठेवणार असाल तर पैसे वाया. आणि पावसात सामान कोरडं राहील या आशेवर घेत असाल तर मुळीच घेऊ नका.

कंपनीचं नाव देत नाही, कारण या वजनाच्या बॅगा थोड्याफार फरकाने सारख्याच असतात: पातळ नायलॉन, तोंडाशी क्लबसाठी (म्हणजे खेळायच्या काठ्यांसाठी) चार कप्पे, दोन पट्टे, टेकवल्यावर बाहेर येणारे दोन बारीक पाय. रिकामी बॅग साधारण दीड किलो. माझी जुनी बॅग रिकामीच जवळजवळ चार किलोंची होती, पण ती उचलायला आमचे कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारे मदतनीस) मामा होते, त्यामुळे तिचं वजन मला कधी कळलंच नाही.

नवी घेण्याचं कारण स्कॉटलंड. मी, नवरा आणि नणंद, आम्ही तिघांनी तिथले जुने लिंक्स कोर्स, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरची गोल्फची मैदानं, खेळायचं ठरवलं. (नाशिकमध्ये हे सांगितलं की लोकांना गोल्फ क्लब मैदान आठवतं. तिथे रणजी सामने होतात, सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते, गोल्फ नावापुरता.) या कोर्सवर कार्ट मिळेल या भरवशावर राहता येत नाही, चालायची तयारी ठेवावीच लागते. तिकडे कॅडी मिळतो, पण तिघांना रोज तीन कॅडी म्हणजे हॉटेलपेक्षा तोच खर्च जास्त. म्हणून आम्ही बेतच उलटा आखला: आपण काय उचलू शकतो ते आधी, कोर्स नंतर. गाडी भाड्याने घ्यायची नाही, आगगाडीने पोचता येईल तेच कोर्स. या एका अटीने यादी आपोआप छाटली गेली. रॉयल डॉर्नोक उत्तरेला फार लांब, गळाला. मुइरफील्ड मी गाळलं. तिथल्या क्लबने बायकांना सभासद करून घ्यायचा ठराव २०१७ मध्ये मंजूर केला. पाहुण्या म्हणून बायका आधीही खेळायच्या हे मला माहीत आहे, पण माझे पौंड मी दुसरीकडे खर्च करणार.

बॅग दिवाळीच्या आसपास आली. पहिल्याच दिवशी मामांनी ती एका बोटावर उचलून विचारलं, "ताई, क्लब घरीच राहिले का?" मामांची मजुरी तीच ठेवली आणि बॅग मी घेतली. ते सोबत चालत चेंडू शोधायचे, माझ्या स्विंगवरची टीका फुकट. सवय व्हावी म्हणून बॅग घेऊन चामर लेणीच्या पायऱ्याही चढले. तिथे एका आजींनी विचारलं, "काय विकायला नेताय?"

खरा फायदा पट्ट्यांचा. एकाच खांद्यावर टाकली तर अर्ध्या फेरीत हाडाला लागते. दोन्ही पट्टे घातले की वजन पाठीवर पसरतं आणि हात मोकळे राहतात. नियमाने १४ क्लब नेता येतात, पण १४ क्लबचं वजनच साडेपाच-सहा किलो होतं. मी दहा नेले. लिंक्सवर चेंडू उंच उडवण्यापेक्षा जमिनीलगत घरंगळत नेणं शहाणपणाचं, त्यामुळे राहिलेल्या चारांची आठवणही आली नाही. सराव तर नाशिकच्या एप्रिल-मेनेच करून घेतला. पाणी न दिलेला फेअरवे (कापलेल्या गवताचा मधला पट्टा) त्या दिवसांत इतका टणक होतो की चेंडू पडल्यावर थांबतच नाही.

विमानासाठी बॅगेवर वेगळं जाड कव्हर लागतंच. क्लबच्या डोक्यांना टॉवेल गुंडाळले आणि सगळ्यांत लांब क्लबहूनही उंच अशी एक काठी मधोमध उभी केली, म्हणजे धक्का काठीला बसतो. बॅग, दहा क्लब आणि कव्हर मिळून नऊ-दहा किलो. उरलेल्या वजनात बूट, रेनकोट आणि नणंदेचा चिवडा. गोल्फचं सामान वेगळं धरायचं की नेहमीच्या वजनात, याचा नियम प्रत्येक विमान कंपनीचा निराळा. तिकिटाआधीच लेखी विचारून घ्या. समृद्धीमुळे इगतपुरीपासून पुढचा घाट सुटसुटीत झालाय, तरी मुंबईसाठी हातात वेळ ठेवाच.

प्रेस्टविकला या बॅगेने पैसे फेडले. ग्लासगोहून आगगाडीत बसलो, उतरलो, बॅगा पाठीला लावल्या आणि चालतच क्लबमध्ये. स्टेशन कोर्सला अगदी खेटून आहे, पहिल्या होलचं (सुरुवातीच्या जागेपासून खळीपर्यंतच्या टप्प्याचं) नावच 'रेल्वे', उजवीकडे भिंत आणि तिच्यापलीकडे रूळ. ब्रिटनची प्रसिद्ध गोल्फ स्पर्धा 'ओपन' पहिल्यांदा झाली ती इथेच, १८६० मध्ये. तेव्हा कोर्स १२ होलचा होता, आठ खेळाडूंनी एका दिवसात तीन फेऱ्या मारल्या आणि विली पार्क जिंकला. त्या वेळचा पहिला होल ५७८ यार्डांचा. जिथून तो सुरू व्हायचा तिथे आता दगडांची रास रचून खूण केली आहे. त्या काळचे चेंडू आणि लाकडी दांडे घेऊन ५७८ यार्ड! मी तिथे बॅग टेकवून बराच वेळ उभी होते.

बॅगेचं खोटं नाणं नॉर्थ बेरिकला उघडं पडलं. एडिंबराहून अर्ध्या-पाऊण तासात आगगाडी पोचवते, कोर्स समुद्राला लागून, आणि वारा असा की पाय उघडून उभी केलेली बॅग शॉट मारेपर्यंत आडवी. हलकेपणाची ही किंमत. मग मीच ती आधी आडवी ठेवायला लागले, तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला. तेराव्या होलचं ग्रीन (खळीभोवतालची बारीक गवताची जागा) बुटक्या दगडी भिंतीच्या पलीकडे आहे. तिथे भिंतीच्या आडोशाला बॅग निमूट पडून राहिली, माझा चेंडू मात्र अलीकडेच.

सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही. लूकर्सला उतरून बस धरावी लागते, आणि बसमध्ये मोठ्या बॅगेवाल्यांकडे लोक कसे बघतात ते पाहून मला आमच्या निवडीचा अभिमान वाटला. तिथल्या प्रसिद्ध ओल्ड कोर्ससाठी दोन दिवस आधी बॅलटमध्ये (सोडतीत) नावं टाकावी लागतात, हँडिकॅपचा (खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा) दाखला हवा, आणि लागलीच सोडत तर माणशी ३०० पौंडांच्या वर. आमची लागली नाही. न्यू कोर्स आधी राखून ठेवला होता, तो खेळलो. नावाने 'न्यू', पण १८९५ चा, त्या काळचा नामवंत गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस याने आखलेला. बेत आखताना सेंट अँड्र्यूजमध्ये एक रविवार जरूर धरा. त्या दिवशी ओल्ड कोर्स एरवी खेळासाठी बंद असतो आणि गावकरी कुत्री घेऊन फिरतात. आम्हीही ओल्ड कोर्सवरच्या जुन्या दगडी स्विल्कन पुलावरून फुकटात चालून आलो. शिवाय शेजारी 'हिमालयाज' नावाचं उंचसखल पटिंग ग्रीन (चेंडू हलकेच खळीत ढकलायचं मैदान) आहे. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या लेडीज पटिंग क्लबचं. थोड्या पौंडांत कुणीही खेळावं. नणंद तिथे आम्हा दोघांना हरवून बसली आणि अजून ऐकवते.

आता पाऊस. तिकडचा पाऊस बारीक आणि आडवा, कापड त्याला बऱ्यापैकी पुरून उरलं. परतल्यावर नाशिकचा जुलै लागला आणि पहिल्याच सरीत चेनच्या शिवणीतून पाणी आत. हातमोजे ओले, स्कोअरकार्डाचा लगदा. पट्ट्यांच्या आतल्या फोमला बुरशी आली, ती व्हिनेगरच्या पाण्याने पुसून उन्हात वाळवल्यावर गेली. काळा चिखल पायांच्या टोकांना चिकटून बिजागरीत जातो आणि पाय उघडतच नाहीत. लिंक्सची वाळू नुसत्या ब्रशने निघाली होती, ही माती टोकदार काडीने कोरून काढावी लागते.

मोठ्या खिशाची चेन मात्र वाळूनेच खाल्ली. घरी आल्यावर दात सुटायला लागले. विक्रेत्याने वॉरंटीत झीज धरत नाही म्हणून हात झटकले. भद्रकालीतल्या बॅग दुरुस्तीवाल्याने दीडशे रुपयांत जाड दातांची नवी बसवून दिली. ती मूळच्या चेनपेक्षा सरळ चालते, त्यामुळे छोट्या खिशाचीही बदलायला टाकली आहे. शनिवारी मिळेल म्हणालाय.