तारखा नसलेला वीकली प्लॅनर, शिवणाच्या टेबलावर वापरून बघितलेला

आधीच सांगून टाकते, मला हा प्लॅनर आवडलाय आणि संपला की परत असलाच घेणार, पण दोन-तीन गोष्टी त्यात खरंच चुकल्यात आणि त्या घेण्याआधी माहीत असलेल्या बऱ्या. मी गोव्यात फोंड्याला घरी ब्लाउज, परकर-पोलकी, ड्रेस शिवते, फॉल-पिको पण करते, त्यामुळे मी जे लिहितेय ते ऑर्डरी सांभाळणाऱ्या बाईच्या नजरेने लिहितेय. नुसती सुंदर पानं करायची हौस असेल तर तुमचं मत वेगळं होऊ शकतं.

वस्तू अशी आहे. ए-फाइव्ह साइज, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर, पुठ्ठ्याचं कडक कव्हर, १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा) कागद, ५२ आठवडे. डाव्या पानावर सोमवार ते रविवार आडव्या पट्ट्या, उजवं पान पूर्ण मोकळं, त्यावर फक्त बारीक ठिपके. तारखा छापलेल्या नाहीत, आपण टाकायच्या. किंमत चारशेच्या आत. ऑनलाइन मागवला, फोंड्यात नीट पोचला, कोपरे शाबूत होते.

तारखा छापलेल्या नाहीत हे लोकांना आळशीपणाचं वाटतं, माझ्यासाठी तेच सगळ्यात मोठं सुख आहे. गोव्यात शिवणकाम करायचं म्हणजे दोन-दोन कॅलेंडरं बघावी लागतात. गेल्या वर्षी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला होती, यंदा १४ सप्टेंबरला, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ आला, १७ मे ते १५ जून. अधिक महिन्यात आपल्याकडे लग्नं नाहीत, म्हणजे एरवी मे अखेरीस जी मरमर असते ती यंदा सगळी अक्षय्य तृतीयेच्या पुढेमागे आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोंबली गेली. दुसरीकडे ख्रिस्ती गिऱ्हाइकांचं उलटं, १८ फेब्रुवारीला लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, सुरू झाला तो ५ एप्रिलच्या ईस्टरपर्यंत, त्यात त्यांची लग्नं नाहीत, आणि ईस्टर झाला रे झाला की ब्राइड्समेडचे गाऊन घेऊन पोरी दारात. छापील डायरीत हे रिकामे आठवडे नुसते वाया जातात आणि भरलेल्या आठवड्याला जागा पुरत नाही. यात काय होतं, अधिक महिन्यातले दोन सुने आठवडे मी एकाच पानावर उरकले आणि चवथीच्या आधीच्या एकेका आठवड्याला दोन-दोन जोडपानं ठेवणार आहे, कोण विचारतंय.

आता सजावट. प्लॅनर सजवायचे व्हिडिओ बघितले तर सगळीकडे फुलं, कॉफीचे कप, गुलाबी ढग. छान दिसतं, पण माझ्या पानावर ते ऑर्डरच्या आड येतं. मी उजव्या पानावर कापडाचे तुकडे लावते. ज्या ब्लाउजची ऑर्डर आली त्याच कापडाचा किंवा साडीच्या ब्लाउजपीसचा अगदी दोन बाय तीन सेंटीमीटरचा तुकडा, झिगझॅग कात्रीने कापलेला म्हणजे धागे सुटत नाहीत, आणि त्याच्या बाजूला गळ्याचं छोटं चित्र, बाही किती, अस्तर लागणार का, ट्रायल कधी. मापांचं रजिस्टर वेगळं, ते इथे आणायचं नाही. रेशमी कापड नाहीतर जरीचा काठ असेल तर झिगझॅगनेही भागत नाही, कडेला पारदर्शक नेलपॉलिशचा हलका हात मारायचा आणि वाळू द्यायचं. परवा एकाच पानावर हिरवी खण, मोरपंखी सिल्क आणि लाल-पांढऱ्या चौकड्यांची कुणबी एका रांगेत बसली. कुणबी साडी गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा लोकांपुढे आणली, तेव्हापासून त्या चौकडीचे कुर्ते, जॅकेटं मागणाऱ्या मुली येतात आणि चौकडी जुळवायला वेळ जास्त लागतो, तर तो तुकडा बघितला की मी त्या दिवशी दुसरं काही घेतच नाही. नाव वाचायच्या आधी कापड दिसतं आणि हात त्याच पिशवीकडे जातो. एवढी उपयोगी सजावट मी दुसरी बघितली नाही.

तुकडे चिकटवायला पांढरा गोंद नको. ओलाव्याने पानाला लाटा येतात आणि पावसात त्या जातच नाहीत. ग्लूस्टिक चालते, पण वॉशी टेप, म्हणजे कागदाची रंगीत चिकटपट्टी, सगळ्यात बरी, कारण ऑर्डर बदलली तर ती कागद न फाडता निघते. निघते याला कारण आहे, ती मुळात रंगकामाची मास्किंग टेप. जपानमधली कामोई काकोशी नावाची कंपनी १९२३ मध्ये माश्या पकडायचा चिकट कागद बनवायला सुरू झाली, पुढे मास्किंग टेप बनवू लागली, आणि ती टेप हौसेने कलाकामात वापरणाऱ्या काही बायकांनी कारखाना बघू द्या म्हणून मागणी केली, त्यातून रंगीत टेपा आल्या. मला ही गोष्ट फार आवडते. बाजारात वॉशी म्हणून प्लास्टिकचीही टेप विकतात, दुकानात बोटाने फाडून बघा, कागदाची असेल तर सहज फाटते आणि तिच्यावर पेनाने लिहिता येतं.

रंगांचा माझा हिशोब साधा आहे, लेंटला जांभळी पट्टी, लग्नाच्या मुहूर्ताला पिवळी, चवथीला हिरवी, आणि जत्रा किंवा फेस्त (चर्चचा उत्सव) असेल त्या दिवशी नुसता लाल ठिपका म्हणजे त्या दिवशी कोणाला डिलिव्हरी कबूल करायची नाही. मुलगी आठवड्याच्या वरच्या बाजूला लाल पेनाने जुन्या देवळांच्या भिंतींवर असतात तसली कावीची वेलबुट्टी काढते, एकाच लाल रंगात, पांढरा कागद मोकळा ठेवून. तेवढं पुरतं. त्याहून जास्त भरलं की पान वाचता येत नाही.

पेनाबद्दल मात्र शिवणाऱ्यांनी नीट ऐका. घासून पुसता येणारं पेन प्लॅनरवाल्यांचं लाडकं, पण त्याची शाई साधारण ६० अंशाला उडते, आणि आपण कापडावर खुणा करायला जी पेनं वापरतो, इस्त्री फिरवली की खूण गायब, तीही त्याच जातीची. म्हणजे टेबलावर गरम इस्त्री आणि शेजारी प्लॅनर असेल तर लिहिलेलं गेलं समजा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर मे महिन्यात तेच. पुस्तक फ्रीजरमध्ये ठेवलं की पुसट परत दिसतं म्हणतात ते खरं, शाई कडक थंडीत परत उमटते, पण ऑर्डरच्या तारखा त्या भरवशावर कशाला ठेवायच्या. साधं बॉलपेन घ्या. जेल पेन या कागदावर मागे उमटत नाही, पण पावसाळी हवेत वाळायला वेळ घेतं आणि मनगटाने फासतं, टेपवर तर जास्तच.

बाइंडिंगला पैकीच्या पैकी. दोऱ्याने शिवलंय, त्यामुळे मशीनशेजारी उघडं ठेवलं की सपाट राहतं. तारेची रिंगवाली पुस्तकं आपल्या हवेत गंजतात, आणि गंजलेली तार पांढऱ्या कापडाला टेकली की तो डाग धुऊन काढणं किती जिवावर येतं ते कुठल्याही टेलरला विचारा. पावसात कागद थोडा फुगलाय, तो फुगणारच, कागद हवेतला ओलावा ओढतो. रात्री इलॅस्टिक लावून कापडांच्या कपाटात ठेवते, तिथे सिलिका जेलच्या पुड्या असतातच.

आता तक्रारी. शनिवार आणि रविवार यांना मिळून एकच पट्टी दिलीय, मधे रेघ मारून अर्धी-अर्धी. अहो, रविवारी तर लग्नं असतात! शनिवारी संध्याकाळी निम्म्या डिलिव्हऱ्या असतात! ज्याने हे आखलं त्याचा आठवडा शुक्रवारी संपत असावा, माझा नाही संपत. मी उजव्या पानावर खाली चौकोन आखून शनिवार तिथे हलवते, पण हे काम विकत घेणाऱ्याने का करायचं? दुसरं, सोबत दिलेले स्टिकर. जिम, मूव्ही नाइट, मी-टाइम. ट्रायल, हूक-काजं, पैसे बाकी असले चार शब्द मराठीत छापून दिले असते तर मी वेगळे पैसे मोजून घेतले असते. तिसरं, इलॅस्टिक. तुकडे लावले की पुस्तक जाड होतंच, आणि हे इलॅस्टिक आत्ताच सैल पडलंय, मी ते काढून घरातलं पाऊण इंची शिवून टाकलं, आता घट्ट बसतं. मागचा खिसा मात्र छान खोल आहे, ब्लाउजचा अख्खा पेपर पॅटर्न घडी घालून मावतो.

घेताना शनिवार-रविवारला पूर्ण पट्टी असलेला मिळाला तर तो आधी घ्या, कागद ऐंशी जीएसएमचा असला तरी चालेल, बॉलपेनला पुरतो. आणि फोंडा, म्हापसा, मडगावकडे कोणाला तसा, तारखा नसलेला, शिवलेल्या बाइंडिंगचा दुकानात दिसला तर किंमतीसकट कळवा, मी चवथीच्या आधी दोन घेऊन ठेवणार आहे, एक वहिनीला, ती नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, ऑर्डरी घेते.