माश्यांसाठी जाळी, चिकटपट्टी, निळा दिवा की स्प्रे? नागपूरच्या घरातला अनुभव

मृगाच्या पहिल्या सरी पडतात, आंब्याच्या साली-कोयींची बादली भरलेली असते, आणि आठवडा-दहा दिवसांत ओट्यावर माश्या घोंगावू लागतात. मेच्या रखरखीत उन्हात त्या कमी असतात, ओल आली की वाढतात. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरामागे गोठा आहे, त्यामुळे दुकानात मिळतं ते बहुतेक सगळं मी वापरून पाहिलंय.

पैसे खर्च करायच्या आधी एकच गोष्ट बघा: माश्या बाहेरून येताहेत, की तुमच्याच घरात पैदा होताहेत? एक मादी एका वेळी शे-सव्वाशे अंडी घालते, ती दिवसभरात फुटतात, आणि उकाड्यात 7 ते 10 दिवसांत नवी माशी उडायला लागते. मागच्या जुलैत मी ओल्या कचऱ्याची बादली रोज घासत होते, तरी माश्या हटेनात. शेवटी गॅलरीतली कंपोस्टची कुंडी सरकवली. खालच्या कोरड्या मातीत लालसर तपकिरी दाणे पडले होते, जिऱ्यापेक्षा जाड, दोन्ही टोकांना गोल. ते माशीचे कोष. अळी ओल्यात वाढते, पण कोष करायला कोरड्यात सरकते, म्हणून बादली कितीही घासली तरी ते हाती लागत नाहीत. ती माती झाडून काढली, कुंडीत सुका पाला आणि कोकोपीट भरपूर मिसळलं, वर दोन बोटं कोरडा थर दिला. दोन आठवड्यांत फरक कळला. घरात असे दाणे किंवा अळ्या सापडल्या, तर खालचा एकही उपाय आधी विकत घेऊ नका.

कचरा चोख असूनही माश्या येत असतील, तर माझं मत सरळ आहे: पहिला खर्च जाळीच्या दाराचा. आपल्याकडे त्याला खास कारण आहे. कूलरची हवा खेळायची तर समोरचं दार किंवा खिडकी उघडी लागतेच, आणि माशी त्याच वाटेने आत येते. एसीवाल्या घराला दार लावून घेता येतं, कूलरवाल्याला नाही. सुताराकडून स्प्रिंगचं दार करून घेणं महाग पडतं, पण ते वर्षानुवर्षं टिकतं आणि डासही अडतात. भाड्याच्या घरात वेल्क्रोची जाळी किंवा मधोमध चुंबकाने मिटणारा पडदा चालतो. पोट्टे दिवसातून पन्नासदा आत-बाहेर करत असतील, तर पडदा लवकर फाटतो, हे धरून चला.

स्प्रे मी सगळ्यात खाली ठेवते. समोरची माशी पडते, तासाभरात दुसरी येते. ज्या जातीची औषधं त्यात असतात, त्यांना माश्या बऱ्याच ठिकाणी सरावल्याही आहेत. शिवाय ओटा, भांडी, उघडं अन्न, सगळ्यावर त्याचा फवारा बसतो. पाहुणे दारात आहेत आणि खोली रिकामी करता येतेय, एवढ्यापुरताच तो ठीक.

निळ्या दिव्याची मशीन मिठाईच्या दुकानात बघून बरेच जण घरी आणतात. माशी त्यातल्या अतिनील प्रकाशाकडे ओढली जाते, पण दिवसा खिडकीतून येणाऱ्या उन्हापुढे तो दिवा फिका पडतो. खिडकीसमोर लावली तर पैसे वाया. अंधारलेल्या बोळात, दारापासून आत लावली तर काम करते. घ्यायचीच असेल तर आत चिकट कागद असलेली घ्या. ठिणगी उडवून मारणाऱ्या मशीनमधून माशीचे तुकडे आजूबाजूला उडतात, ती ओट्याजवळ नकोच. नळी जळत राहिली तरी तिचा जोर वर्षभरात उतरतो, म्हणून बदलीचा खर्चही आधीच मोजा.

विषारी दाणे अंगण किंवा गोठा असलेल्या घरासाठी. त्यांचा वासच माशीला बोलावतो, म्हणून दारापासून जितके लांब ठेवाल तितकं बरं. स्वयंपाकघरात कधीच नाही. गोड असतात, लहान मूल किंवा मांजर घरात असेल तर मी ते आणणारच नाही. लिंबात टोचलेल्या लवंगा, कापूर, पाण्याची टांगलेली पिशवी, हे सगळं करून झालं. लिंबावरच माश्या बसलेल्या पाहिल्या आणि सोडून दिलं. त्यापेक्षा जेवताना पंखा मोठा करा, वाऱ्याच्या झोतात माशीला नीट बसता येत नाही.

फ्लॅट छोटा, बजेट कमी, माश्या मोजक्या, अशांनी चिकटपट्टी घ्यावी. स्वस्त आहे, विष नाही. पण लोक ती भरदुपारी, माश्या घोंगावतात तिथे टांगतात, पंख्याच्या झोतात ती हलत राहते, धूळ बसून आठवड्यात निकामी होते. रात्री नऊच्या सुमारास स्वयंपाकघरातला दिवा लावून वर बघा. माश्या छताच्या कोपऱ्यात, लोंबत्या वायरीवर, दोरीवर ओळीने बसलेल्या असतात. पट्टी तिथेच, त्या वायरीशेजारी उभी टांगा.