बायोटेक सर्टिफिकेट की यूसीला ट्रान्सफर? कम्युनिटी कॉलेजातून प्रयोगशाळेकडे जाणारे दोन रस्ते

कॅलिफोर्नियात मुलगा किंवा मुलगी कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजला, जाते हे महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात सांगताना आपल्याकडच्या बऱ्याच आईवडिलांचा आवाज उगाचच खाली येतो. मानवी जीनोमच्या शर्यतीत सरकारी प्रकल्पाला घाम फोडणारे क्रेग व्हेंटर कॉलेज ऑफ सॅन मटेओ या कम्युनिटी कॉलेजातूनच यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सॅन दिएगोला गेले आणि 1975 मध्ये तिथे पीएचडी झाले. ज्यांना जैववैद्यकीय संशोधनात जायचंय त्यांनी काळजी करायचीच, तर कॉलेजच्या नावाची करू नये. पहिल्या वर्षी कुठले विषय घेतले, याची करावी.

पहिला रस्ता बायोटेक सर्टिफिकेटचा. यात हात तयार होतो: अगदी थोडा द्रव मोजणारं मायक्रोपिपेट, डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर, प्रथिनं ओळखणारी एलायझा चाचणी, निर्जंतुक वातावरणात पेशी वाढवणं. सोबत जीएमपीची, म्हणजे औषधनिर्मितीच्या नियमांची, शिस्त अंगी बाणते. प्रत्येक काम एसओपीप्रमाणे, म्हणजे लिहून दिलेल्या ठरलेल्या पद्धतीने, करायचं, नोंद तिथल्या तिथे बॅच रेकॉर्डमध्ये करायची, चुकलं तर एकच रेघ मारून सही आणि तारीख टाकायची. ज्यांना हे रटाळ वाटतं त्यांनी औषधनिर्मितीच्या कारखान्यात जाऊ नये, कारण तिथे नोकरी म्हणजे हेच, शिवाय रात्रपाळी. ज्यांना नीटनेटकेपणाची आवड आहे त्यांना मात्र पदवी पूर्ण व्हायच्या आधीच पगार सुरू होऊ शकतो.

आणि हा रस्ता सर्टिफिकेटवर संपत नाही. ओशनसाइडचं मिराकोस्टा कॉलेज 2017 पासून बायोमॅन्युफॅक्चरिंगमध्ये (जैविक औषधांच्या उत्पादनात) चार वर्षांची पदवी देतं. वरच्या दोन वर्षांना युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्स मोजायचं एकक) 84 डॉलर जादा पडतात, तरी सगळी पदवी साधारण दहा हजार डॉलर फीत होते. यूसीच्या एका वर्षाची फीच 14 हजारांच्या पुढे जाते, राहणं-खाणं वेगळं.

दुसरा रस्ता ट्रान्सफरचा. रहिवाशांना युनिटमागे 46 डॉलर, म्हणजे ट्रान्सफरला लागणारी 60 युनिटं 2,760 डॉलरमध्ये. पुढची दोन वर्षं यूसीत, मग हवी तर पीएचडी, जिथे बहुतेक जैववैद्यकीय विभाग फी माफ करून विद्यावेतन देतात. स्वतःचा प्रश्न घेऊन स्वतःचा प्रयोग आखायचा असेल, तर शेवटी इकडेच यावं लागतं. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ ही सहा विद्यापीठं अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी देतात, पण काही मुख्य विषयांना ती हमी लागू नसते. बर्कली, यूसीएलए आणि सॅन दिएगो हमी देतच नाहीत. आपल्या लोकांच्या तोंडी नेमकी हीच तीन नावं असतात!

खरी अडचण युनिटांत आहे. यूसीच्या जीवशास्त्राला सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्राची मालिका लागते. सर्टिफिकेटचे कोर्स तिथे धरले गेले तरी बहुधा फक्त ऐच्छिक म्हणून. दोन वर्षं बायोटेक करून नंतर सेंद्रिय रसायनशास्त्राला हात घातला, तर जवळजवळ सगळं नव्याने. उलट दिशेला एवढं नुकसान होत नाही. म्हणून मन ठरलं नसेल तर माझं मत सरळ आहे: रसायन आणि गणित पहिल्याच सेमिस्टरला सुरू करा, बायोटेकचा एखादा प्रयोगशाळेचा कोर्स शेजारी ठेवा. काउन्सेलरला भेटण्याआधी, कुठला कोर्स कुठे धरला जातो ते दाखवणाऱ्या अ‍ॅसिस्टच्या वेबसाइटवर तुमचं कॉलेज आणि हवं ते विद्यापीठ टाकून यादी काढून घ्या. काउन्सेलर भले असतात, पण त्यांच्यापुढे रांग मोठी असते.

दोन्ही रस्त्यांना जोडणारी एक गोष्ट म्हणजे पगारी प्रशिक्षण. कॅलिफोर्नियाच्या सीआयआरएम या स्टेमसेल संस्थेचा ‘ब्रिजेस’ कार्यक्रम 2009 पासून चालतो. त्यात सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को आणि पॅसाडीना सिटी कॉलेजसारख्या कॉलेजांतली मुलं बाहेरच्या प्रयोगशाळेत पगार घेऊन काम शिकतात. एनआयएच या अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य संशोधन संस्थेचाही ‘ब्रिजेस टू द बॅकलॉरिएट’ होता, तो नेमका कम्युनिटी कॉलेजातून चार वर्षांच्या पदवीकडे नेणारा. पण 2025 मध्ये एनआयएचने अशा प्रशिक्षण कार्यक्रमांना कात्री लावली. तेव्हा जुनं माहितीपत्रक पाहून बेत आखू नका, कॉलेजच्या जीवशास्त्र विभागात जाऊन यंदा काय चालू आहे ते विचारा.

एच-4 व्हिसावरच्या, म्हणजे एच-1बीवर काम करणाऱ्यांच्या, मुलांचं गणित वेगळं. त्यांना पगारी काम करता येत नाही, त्यामुळे सर्टिफिकेटचा सगळ्यात मोठा फायदाच हातातून जातो. 21 वर्षं पूर्ण झाली की एच-4 संपतो आणि बहुतेकांना एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. त्यावर शिक्षणानंतर काम करायची परवानगी, म्हणजे ओपीटी, 12 महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञानासाठीची 24 महिन्यांची वाढ मिळायला किमान बॅचलर पदवी लागते, दोन वर्षांची असोसिएट पदवी किंवा सर्टिफिकेट पुरत नाही. घरात ग्रीन कार्डची वाट पाहणं चालू असेल आणि मूल 19 वर्षांचं असेल, तर मी बॅचलरपर्यंत नेणाराच रस्ता धरायला सांगेन, मग ती यूसीची असो वा मिराकोस्टाची. आणि एफ-1 वर गेल्यावर परदेशी विद्यार्थ्याची फी लागते, ती आजच विचारून ठेवा.